देठ वाळेपर्यंत

त्या उन्हाळ्यात त्या घरातली आंघोळ मोरीत होत नव्हती, वाफ्यात होत होती. सकाळी उठला की नवरा आधी विचारायचा, "आज मी कुणात?" मागच्या पायरीवर दहा वर्षांची पोरगी हातात काठी घेऊन बसलेली असायची. ती काठीनं दाखवून सांगायची, "बाबा वांग्यात. आई मिरचीत. मी दुधीत." पाण्याचा टँकर दर चौथ्या दिवशी यायचा, घरटी दोन पिंपं भरून द्यायचा, आणि त्या दोन पिंपांवर चार माणसं आणि चार वाफे जगवायचे होते. म्हणून प्रत्येक वाफ्याच्या कडेला एक उतरती फळी टाकलेली होती, तीन बाजूंनी गोणपाट. फळीवर बसायचं, एक तांब्या डोक्यावर, दुसरा अंगावर, आणि पाणी ओघळून सरळ झाडाच्या मुळाशी. साबण बंद होता. ज्याला साबण हवा त्यानं रस्त्यावर जाऊन आंघोळ करावी, असा मुकादमाचा हुकूम होता. पोरीला खोल्यांची अख्खी ओळ मुकादमच म्हणायची, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

ही युक्ती पोरीच्या आईची, म्हणजे घरातल्या सुनेची. शेजारीण कुंपणावरून मान काढून विचारायची, आज भाऊजींचा रस्सा कुठल्या भाजीला, आणि सून हसून म्हणायची, चव आली की वाटीभर पाठवते. हसण्यावारी न्यायचं, नाहीतर रडायला कारणं काही कमी नव्हती. ओंडके यायचे थांबले म्हणून लाकडाची गिरणी चार महिने बंद होती, आणि ही खोल्यांची ओळ गिरणीच्याच जिवावर उभी होती. नवरा तिथं मोठ्या करवतीवर होता. पंधरा वर्षांत त्या करवतीनं त्याची डावी करंगळी अर्धी नेली होती, आणि कुणीही वेळ विचारली की तो दोन्ही पंजे दाखवून म्हणायचा, साडेनऊ. गिरणी बंद झाल्यावर हा विनोद त्यानं आपणहून सोडला.

एका सकाळी तो वांग्यात बसून अंगावर पाणी घेत असताना गिरणीचा कारकून मागच्या वाटेनं आला. फाटकाचा पास परत हवा होता. नवरा अर्ध्या चड्डीवर, केसांतून पाणी गळतंय, तसाच उठला, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून पास काढून दिला आणि परत येऊन फळीवर बसला. तांब्यात पाणी होतं, पण ते त्यानं अंगावर घेतलं नाही, वांग्याला ओतलं. सून स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होती. ती बाहेर गेली नाही. बाहेर गेली असती तर तो आणखी लाजला असता.

सासूबाईंची उजवी बाजू हिवाळ्याच्या तोंडावर गेली होती. मागच्या अंगणातली ही बाग त्यांची. चाळीस वर्षं त्यांनी ती हुकमतीनं चालवली, आणि आता त्यांची खाट मागच्या दारात टाकली होती, म्हणजे नजर तरी वाफ्यांवर राहावी. वाचा गेली ती जाताना एकच अक्षर ठेवून गेली. पाणी हवं असलं तरी "दे", दार लावायचं असलं तरी "दे", कूस बदलून हवी असली तरी "दे". घरातल्या माणसांनी त्या एका अक्षरात सगळा संसार बसवला होता. चुकत, उलटं करत, मग म्हातारीच्या कपाळाची आठी मोडली की समजायचं, बरोबर आलं.

बागेत बाकी काही असो नसो, खरा जीव होता तो दुधीत. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा माहेरून हे बी फडक्यात बांधून आणलेलं. आखूड मानेचा, पोटाशी गोल असा तो दुधी ओळीत दुसऱ्या कुणाकडे नव्हता. सासरे वारले त्या वर्षी घर त्याच्यावर निभावलं होतं, हे नवरा अजून सांगायचा. त्याला पोहायला शिकवलं तेही याच दुधीनं. वाळवून पोकळ केलेले दोन दुधी पाठीला बांधून आईनं त्याला नदीत सोडलं होतं आणि स्वतः काठावर उभी राहून ओरडत होती, पाय मार, पाय मार. भाजी मात्र सासूबाई कुणालाही द्यायच्या, मागितल्यावर एक आणि न मागता दुसरा. बी कधी कुणाला दिलं नाही. शेजारणीनं दोनदा शब्द टाकून पाहिला होता. दोन्ही वेळा सासूबाई म्हणाल्या, भाजी हवी तेवढी न्या, बियाण्याचं बोलू नका.

आणि बियाण्याच्या बाबतीत सून तर पहिल्यापासूनच गुन्हेगार होती. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात पाहुणे आले, सासूबाई बाहेर गेलेल्या, आणि नव्या नवरीनं आपली हौस दाखवायला वेलावरचा सगळ्यात मोठा दुधी उतरवून चिरला. तो बियाण्याला ठेवलेला होता. सासूबाई परत आल्या, सालींच्या ढिगात कच्चं पांढरं बी पाहिलं आणि खालीच बसल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "देठ बघितला होतास का? हिरवा होता गं. देठ वाळेपर्यंत हात लावायचा नसतो. तुझा हात उतावळा आहे." आदल्या सालचं बी शिल्लक होतं म्हणून त्या वेळी निभावलं. पण चौदा वर्षं तो उतावळा हात सुनेच्या मागे लागला. दूध उतू गेलं, उतावळा हात. सुईत दोरा जाईना, उतावळा हात. राखेत बी ठेवलेला पत्र्याचा डबा फळीवर सगळ्यात वर असायचा आणि सुनेनं तो कधी उघडलेला नव्हता.

या वर्षी उघडावा लागला. गेल्या उन्हाळ्यात बियाण्याचा दुधी उंदरांनी पोखरला होता, त्यामुळे राखेत बोटं फिरवली तेव्हा पाचच बिया हाताला लागल्या, त्याही तीन वर्षांच्या जुन्या. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्यांच्यात जीव राहणार नाही, हे तिलाही कळत होतं. या वेळी वेल आला आणि एक दुधी पिकून बियाण्याला उतरला तर उतरला, नाहीतर सासूबाईंनी माहेराहून आणलेलं सगळं संपलं. तिनं त्या पाच बिया खाटेवर नेऊन सासूबाईंच्या डाव्या हातावर ठेवल्या. म्हातारीनं त्या कितीतरी वेळ अंगठ्यानं फिरवल्या. मग सुनेकडे पाहिलं, तिच्या हाताकडे पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. सून मनात म्हणाली, बघूच.

पाचातल्या तीन उगवल्या. एक गोगलगायीनं खाल्ली, एक आपोआप मान टाकून गेली. राहिलेल्या एकीसाठी तिनं डोळ्यांत तेल घातलं. गिरणी चालू असताना भरून ठेवलेला, आता कुजून काळा झालेला भुसा तिनं आळ्यात वीतभर पसरला, म्हणजे ओल धरून राहील. मोडक्या खाटेची चौकट भिंतीला टेकवून वेल वर चढवला. पांढरी फुलं लागली ती दिवे लागायच्या वेळेला उमलायची, आणि उन्हानं किडेमाकोडेही गेलेले, फुलावर येणार कोण? तेव्हा तिला आठवलं की सासूबाई संध्याकाळी नराचं फूल तोडून मादीच्या फुलात फिरवायच्या आणि म्हणायच्या, चला, एकाचं लग्न लावून आले. तिनंही तसंच केलं. मुकादम पायरीवरून लक्ष ठेवून होती. तिनं विचारलं, नवऱ्याला तोडून का न्यायचं, नवरीला का नाही? सून म्हणाली की नवरी घर सोडून गेली तर दुधी कुठं लागणार, आणि खाटेवरून सासूबाई अर्ध्या तोंडानं हसल्या. आजार आल्यापासूनचं ते त्यांचं पहिलं हसू.

पहिल्या चार दुधींतले दोन घरात खाल्ले, दोन शेजारी गेले. पाचवा राखला. तिनं त्याच्या देठाशी लाल चिंधी बांधली, खाली जुन्या कापडाची झोळी केली आणि सगळ्यांना बजावलं की याला कुणी नजर लावायची नाही. तो फुगत गेला. महिना उलटला तशी त्याची लव झडली, साल जून झाली, नख रुतवायला जोर लागायला लागला. देठ मात्र हिरवा होता. अजून महिना लागेल, असा तिचा अंदाज होता. रोज सकाळी ती सासूबाईंना उठवून बसवायची आणि त्या आधी चिंधीकडे बघायच्या, मग चहाकडे.

मग टँकर यायचा थांबला.

चौथा दिवस गेला, पाचवा गेला. पाणी भरायची जागा आटली होती आणि दुसरी शोधत होते, एवढीच बातमी ओळीत आली. नवरा त्याच आठवड्यात दूरच्या बांधकामावर विटा उतरवायला गेला होता, दहा दिवसांनी येणार होता. सहाव्या दिवशी एक पिंप कोरडं झालं. आंघोळी बंद झाल्या. वांगी आणि मिरच्या तिनं सोडून दिल्या, त्यांच्याकडे बघायचंही सोडून दिलं. वेलाला दिवसाला एक तांब्या जात होता. सातव्या दिवशी तिनं सासूबाईंच्या तोंडाला वाटी लावली तर त्यांनी दात मिटून घेतले, डाव्या हातानं वाटी वेलाकडे ढकलली आणि म्हणाल्या, "दे." तिनं समजावलं, दटावलं, पोरीनं लाडीगोडी केली. म्हातारी हटेना. शेवटी तिच्यासमोर अर्धी वाटी वेलाला ओतली तेव्हा कुठं उरलेली अर्धी तिनं घेतली. तीन दिवस हेच चाललं. आपण चुकतोय हे सुनेला दिसत होतं, पण पाण्याची वाटी घेऊन भांडत बसायची ताकद तिच्यातही राहिली नव्हती.

दहाव्या दिवशी सकाळी सासूबाई उठवून उठेनात. अंग तापलेलं, जीभ लाकडासारखी, डोळे अर्धवट उघडे. आणि त्याच वेळी रस्त्यावर टँकरचा भोंगा वाजला.

टँकरवाला हा माणूस जाडजूड आणि अबोल होता. गाडी लावायची, नळी सोडायची आणि सावलीत उकिडवं बसायचं, एवढंच त्याचं येणं. सून भांडं न घेताच धावत आली हे पाहून तो उठला. तिनं काय सांगितलं हे तिलाही नंतर आठवलं नाही. तो तिच्यामागून घरात आला, म्हातारीकडे पाहिलं, पोतं उचलावं तसं नाही तर तान्हं मूल उचलावं तसं तिला उचललं आणि गाडीत सीटवर नेऊन आडवं केलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. दहा दिवस थेंब न पाहिलेली अख्खी ओळ हंडे, डबे, बादल्या घेऊन गाडीमागे उभी होती. त्यानं त्यांच्याकडे पाहिलं.  मग शेजारीण आपली बादली पालथी घालून तिच्यावर बसली आणि म्हणाली, "जा हो तुम्ही. पाणी काय पळून चाललंय? आम्ही बसतो." मुकादमाला तिनं ओढून आपल्या मांडीवर घेतलं.

गाडी परत यायला तीन तास लागले. ती माणसं उन्हात तशीच बसून होती, हे सुनेला दोन दिवसांनी कळलं, कारण ती दवाखान्यात होती. सासूबाईंच्या हातात सुई लावली होती आणि थेंब थेंब पाणी आत जात होतं. ती ते थेंब बघत बसायची आणि नकळत मोजायची की एवढ्यात किती वाफे भिजले असते. मग स्वतःचीच लाज वाटून तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी डोळे नीट उघडले आणि त्याच दिवशी टँकरवाल्यानं आपल्या फेरीत दोघींना परत आणून सोडलं. म्हातारीला उचलून खाटेवर ठेवलं, उशी सारखी केली आणि निघाला.

सुनेनं त्याला थांबवलं. काय द्यायचं ते तिला सुचत नव्हतं. घरात देण्यासारखं काही नव्हतं आणि नुसतं उपकार झाले म्हणायला जीभ वळत नव्हती, एवढी ती गोष्ट मोठी होती. तो म्हणाला, "पाणी पोचवायचं माझं कामच आहे, वहिनी. यांच्यातलं संपलं होतं, पोचवलं." एवढं लांब वाक्य तो पहिल्यांदाच बोलला असावा, कारण बोलून झाल्यावर तो खाली बघायला लागला.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "दे."

सासूबाई वेलाकडे बघत होत्या. पानं करपून खाली लोंबत होती, पण झोळीत तो एकटा दुधी तसाच होता, लाल चिंधीसकट. शेजारणीनं आपल्या वाट्यातला तांब्या रोज त्याला घातला होता. सासूबाईंनी डावा हात उचलला, दुधीकडे केला आणि पुन्हा म्हणाल्या, "दे... दे."  तिनं टँकरवाल्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. त्या परत म्हणाल्या, आणखी जोरात. तीन दिवस वाटी ढकलून त्या हेच म्हणत होत्या, हे दे, माझं त्याला दे. आता ज्यानं जीव वाचवला त्याला द्यायला म्हातारी आपलं सगळ्यात जपलेलं काढून देत होती. आपण बियाण्याचा विचार करत उभं राहायचं? तिला स्वतःच्या घुटमळण्याची शरम वाटली. तिनं विळा घेतला. हातात धरून न्यायला बरं पडावं म्हणून देठाच्या वर वेलाचा वीतभर तुकडा ठेवून तिनं दुधी कापला, चिंधी सोडून घेतली आणि तो टँकरवाल्याच्या हातात दिला. थोडा जून आहे, सोलून घ्या, म्हणाली.

त्यानं नको नको म्हणत घेतला. सासूबाई रडायला लागल्या, तोंड वाकडं करून, आवाज न करता. शेजारीण दारात आलेली होती, ती म्हणाली, म्हातारीला भरून आलं बघा.

भरून आलं नव्हतं, हे संध्याकाळी कळलं. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं ते वळवेनात. दोन दिवस त्यांनी पेजेचे चार घोट घेतले तेही मुकादमाच्या हातून. नवरा परत आला, त्यानं मोकळी झोळी पाहिली, सगळं ऐकलं आणि आईचे पाय चेपत बसला. सून मनाशी म्हणत राहिली की अशक्तपणा असेल, होईल नीट.

मुकादमाला मात्र स्वस्थ बसवत नव्हतं. शाळेला सुट्टी होती, वाफे ओसाड, हुकूम सोडायला कुणी उरलं नव्हतं. ती आजीच्या उशाशी बसून "दे"वरून शब्द काढायला लागली. "आजी, देऊळ? देश? देव? देखणा?" आजी हलेना. "देणं? देवघर?" पोरगी इरेला पेटली होती, शब्द मोजता मोजता बोटं संपत आली. "देठ?" आजीचा डावा हात आला आणि पोरीचं मनगट घट्ट धरलं. पोरगी ओरडली, "आई, आजी देठ म्हणतेय. दे नाही, देठ."

सून चुलीपाशी होती. तिच्या हातातलं उलथनं हातातच राहिलं. खाटेपाशी येऊन तिनं हळूच विचारलं, "देठ हिरवा होता, तेच सांगत होता का?" सासूबाईंनी भिंतीकडून तोंड वळवलं, तिच्याकडे पाहिलं आणि पापण्या मिटून उघडल्या.

म्हणजे म्हातारी देऊ नकोस म्हणून ओरडत होती, आणि हिनं विळा चालवला. पुन्हा तोच दुधी, पुन्हा हिरवा देठ, पुन्हा तोच उतावळा हात. चौदा वर्षांपूर्वी निदान आदल्या सालचं बी शिल्लक होतं. तिला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ती खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "चुकलं माझं."  सासूबाईंनी डाव्या हाताची दोन बोटं तिच्या मनगटावर मारली. दूध उतू गेलं की मारायच्या तशीच, जोर नसलेली. त्यानंतर त्यांनी पेज मागितली.

नवरा मागच्या पायरीवर बसला होता. ती त्याच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली की आईंनी नदीत सोडलेले ते दुधी, ते सगळं माझ्या हातानं संपलं. तो बराच वेळ करंगळीचं थोटूक चोळत राहिला. मग म्हणाला, "बी गेलं, आई राहिली. उलटं झालं असतं तर मी काय केलं असतं गं? मी तिथं नव्हतोच. तू होतीस, तो गाडीवाला होता, ही उन्हात बसलेली माणसं होती. मला तर कुणाकुणाचे पाय धरावेत कळत नाही." गिरणी बंद झाल्यापासून तो एवढा पहिल्यांदाच बोलला. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं. दिवसाउजेडी, शेजारीण बघत असताना.

तरी आशा सुटत नव्हती. अजून खाल्ला नसेल, बी फेकलं नसेल, काही मूठभर जून निघेल. पुढच्या फेरीला ती सगळ्यांच्या आधी रस्त्यावर जाऊन उभी राहिली. पण गाडीतून दुसराच कुणी उतरला. जाड माणसाची फेरी डोंगरापलीकडे लागली होती, महिनाभर तरी. निरोप द्यायचा का, त्यानं विचारलं. दिलेली वस्तू परत मागायला तोंड कुठून आणायचं? आणि ज्यानं जीव परत आणून दिला त्याच्याकडे? शेवटी ती म्हणाली, काही नाही, आठवण काढली म्हणून सांगा.

तो महिना लांबला. पण पाणी मात्र चौथ्या दिवशी चुकलं नाही. आंघोळी पुन्हा वाफ्यात सुरू झाल्या, वांग्याला बुंध्यापासून नवा फुटवा आला. नवऱ्याला बांधकामावर रोजचं काम मिळालं. सासूबाई उशीला टेकून स्वतः चमचा धरायला लागल्या. सून सगळ्याला मनापासून बरं म्हणत होती, फक्त वाळलेल्या वेलाच्या चौकटीकडे बघत नव्हती. लाल चिंधी तिनं पत्र्याच्या डब्यात, राखेवर ठेवून दिली होती.

आणि एका सकाळी तो ओळखीचा भोंगा वाजला. जाड माणूस खाली उतरला, नळी सोडली, सावलीत बसला. सून हंडा घेऊन गेली आणि हंडा नळीखाली न लावता त्याच्यासमोर उभी राहिली. म्हातारी कशी आहे, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं. मग घसा खाकरून, इकडंतिकडं बघत म्हणाली, "भाजी कशी झाली होती?"

त्याचं तोंड एकदम चोरासारखं झालं. "वहिनी, खरं सांगतो, रागावू नका. मला दुधी आवडत नाही. लहानपणापासून नाही. घरी मी एकटा, करणारंही कुणी नाही. पण तुम्ही एवढा वेलावरून कापून दिलात, नाही कसं म्हणणार?"

"मग कुणाला दिलात?"

"दिला नाही. दिलेलं दुसऱ्याला द्यायला बरं वाटेना. देठ लांब होता, गाडीतच टांगला. सोबत होते." तो उठून गाडीकडे गेला. "आता हल्ली खड्ड्यात गाडी गेली की खुळखुळ वाजायला लागलं. दोन दिवस मी इंजिन खोलून बघतोय, काय सुटलं म्हणून."

सीटमागच्या हुकाला तो दुधी टांगलेला होता. फिकट, लाकडासारखा टणक, आणि त्याचा वीतभर देठ वाळून तपकिरी झालेला. तिनं तो हातात घेऊन हलवला. आत बी खुळखुळलं. सुनेचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिला हसू आलं, आणि हसता हसता ती रडायलाच लागली. बिचारा पुन्हा पुन्हा म्हणत राहिला, पुढच्या वेळी खाईन मी, शप्पथ खाईन.

सासूबाईंनी आधी देठ पाहिला. डाव्या अंगठ्यानं चोळला, कडकन मोडला. मग दुधी कानाशी नेऊन हलवला आणि कितीतरी वेळ तसाच कानाशी धरून ठेवला. नवऱ्यानं कामाला जायचं थांबवून करवतीच्या पात्यानं तो फोडला, उरलेल्या साडेनऊ बोटांनी, आणि चादरीवर बी ओतलं. टपोरं, कोरडं, भरलेलं. थोडं पोचट होतं, ते सासूबाईंनी बोटानं बाजूला केलं. उरलेलं ओंजळभर होतं.

मग त्यांनी त्यातल्या पाच बिया सरकवल्या, कडेला आणल्या, दाराकडे हात केला. दाराबाहेर टँकरवाला नळी गुंडाळत होता. "दे," त्या म्हणाल्या.

कुणी हललं नाही. सून तर अजिबात नाही. तिनं मुकादमाकडे पाहिलं. मुकादमानं आजीच्या तोंडाशी कान नेला आणि विचारलं, "देठ?"

आजीनं मान हलवली. नाही. कपाळाला आठी घातली, आणखी पाच सरकवल्या, त्या शेजारणीच्या भिंतीकडे केल्या. "दे." मग सुनेचं मनगट ओढून तिचा तळहात उघडला, त्या उतावळ्या हातावर राहिलेलं सगळं बी ओतलं आणि तिची बोटं एकेक करून मिटवली. चाळीस वर्षांत त्या घरातून बी पहिल्यांदाच बाहेर चाललं होतं.

टँकरवाल्यानं तळहातावरच्या पाच बिया पाहिल्या आणि कसनुसं तोंड केलं. आवडत नाही म्हणून सांगितलं ना, म्हणाला. सून म्हणाली, "खायला कोण सांगतंय? लावा फक्त. एक पिकू द्या, देठ वाळेपर्यंत थांबा, आणि बी ठेवा. आमचं कधी गेलं तर तुमच्याकडे मागायला येऊ." त्यानं बिया शर्टाच्या खिशात घातल्या आणि वरून बटण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा खांद्यावर पंचा टाकून मागच्या दारी आला. "आज मी कुणात?"

"दुधीत," मुकादम म्हणाली.

त्यानं रिकाम्या वाफ्याकडे पाहिलं. काळा भुसा पुन्हा सारखा केलेला होता, मधोमध खोचलेल्या काडीला लाल चिंधी बांधलेली होती. दुधी कुठाय, त्यानं विचारलं. सून विहिणीच्या थाटात दारातून म्हणाली की आत आहे, तयार होतोय, तुम्ही बसून घ्या. तो फळीवर बसला, तांब्या भरला आणि सांभाळून, हळूहळू डोक्यावर ओतला.